हत्ती गेला, शेपूट लढले

कुलदैवत आणि क्रिकेटचा संघ या दोन गोष्टी माणसास निवडाव्या लागत नाहीत. त्या वडिलार्जित येतात. पैकी कुलदैवताचे ऋण फेडणे त्यातल्या त्यात सोपे. वर्षातून एकदा जाऊन ओटी भरावी, नारळ ठेवावा आणि घरी यावे. संघाचे व्रत मात्र आश्विनापासून फाल्गुनापर्यंत चालते, त्याचे उद्यापन कोणत्या गावी आणि कोणत्या तिथीस होईल हे आधी कळत नाही, आणि प्रसाद मिळेलच अशी हमी कोणताही शास्त्री देत नाही.

आम्हां भिवंडीकरांच्या वाट्याला मुंबईचा संघ आला आहे. वास्तविक पाहू गेल्यास आमचा आणि मुंबईचा संबंध तो काय? जिल्हा आमचा ठाणे, महानगरपालिका आमची स्वतंत्र, नदी कामवारी, आणि रेल्वे म्हणाल तर ती दिवा-वसई मार्गावरची. ज्यास मुंबईस जावयाचे असेल त्याने आधी मुकाट्याने ठाणे किंवा कल्याण गाठावे. तरीही सकाळी वर्तमानपत्र उघडताच घरातील वृद्धांपासून बालकांपर्यंत प्रत्येक जण "आपले काय झाले?" असे विचारतो, आणि त्यातील 'आपले' म्हणजे मुंबईचे हे कोणास फोड करून सांगावे लागत नाही.

या ममत्वास कारणही तसेच आहे. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि पहिलाच करंडक मुंबईने घरी नेला. पुढे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे तो दुसऱ्या कोणाच्या घरी गेलाच नाही. मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर विदर्भास १६९ धावांनी हरवून मुंबईने तो बेचाळिसाव्यांदा जिंकला. इतकी वर्षे एकाच घराण्याकडे एखादी गोष्ट राहिली म्हणजे तिला पराक्रम कोणी म्हणत नाही. तिचे वतन होते. आणि वतनदार मंडळींचा स्वभाव वाचकांस ठाऊक आहेच. उत्पन्न आले तर त्यात विशेष ते काय. न आले तर मात्र जगात न्याय उरला नाही!

या वतनदारीची पुरती परीक्षा २०२४-२५ च्या मोसमाने घेतली. ही हकीकत आता शिळी झाली असे कोणी म्हणेल. पण वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी लिहावे आणि मासिकाने राग ओसरल्यावर लिहावे, अशी आमची समजूत आहे. शिवाय या मोसमात एक गोष्ट अशी घडली की जी दर सामन्याच्या वृत्तान्तात शेवटच्या परिच्छेदात सापडते आणि म्हणून सर्वांच्या नजरेतून निसटते. तीच आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

आरंभ मोठा मंगल झाला. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात लखनौस शेष भारताविरुद्ध इराणी करंडकाचा सामना होता. सर्फराज खानाने नाबाद २२२ धावा केल्या, मुंबईचा पहिला डाव ५३७ वर गेला आणि १२१ धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिल्यास आघाडीवाल्यास करंडक मिळतो, तेव्हा निम्मे काम झाले होते. पण दुसऱ्या डावात आठ गडी झटपट परतले आणि आमच्या घरी चहा थंड होऊ लागला. त्या वेळी तनुष कोटियन व मोहित अवस्थी या दोघांनी खुंटा रोवला. कोटियन नाबाद ११४, अवस्थी नाबाद ५१. तब्बल सत्तावीस वर्षांनी इराणी करंडक मुंबईस आला. दुसऱ्या दिवशी सर्वत्र सर्फराजाचे छायाचित्र झळकले, आणि ते योग्यच होते. अवस्थीचे नाव आमच्या अप्पाकाकांनी मात्र भिंग लावून शोधून काढले.

अप्पाकाका हे आमच्या घरातील या व्रताचे मुख्य पुरोहित. वय पंच्याऐंशी. पलीकडच्या गल्लीतील यंत्रमागांचा खडखडाट त्यांस ऐकू येत नाही, मात्र माजघरात कोणी हलक्या आवाजात धावसंख्या सांगितली तर ती बरोबर ऐकू येते.

लखनौचा गुलाल उतरतो न उतरतो तोच बडोद्यास रणजी स्पर्धेचा पहिला सामना झाला आणि बडोद्याने मुंबईस ८४ धावांनी हरविले. डावखुऱ्या भार्गव भटाच्या फिरकीपुढे आमची मंडळी श्रावणातल्या केळीसारखी वाकली. पुढच्याच आठवड्यात महाराष्ट्राच्या संघास १२६ धावांत गुंडाळून मुंबईने नऊ गडी राखून विजय मिळविला. विरारच्या आयुष म्हात्रे या सतरा वर्षांच्या मुलाने त्यात १७६ धावा केल्या. नोव्हेंबरात ओडिशावर एक डाव आणि १०३ धावांनी विजय; श्रेयस अय्यर २३३, सिद्धेश लाड नाबाद १६९. डिसेंबरात वीस-वीस षटकांची सय्यद मुश्ताक अली स्पर्धा. तिचा अंतिम सामना १५ तारखेस बंगळुरास झाला आणि मध्य प्रदेशास हरवून तोही करंडक मुंबईने पटकाविला. तेथेही शेवटचा घाव सूर्यांश शेडगे या नवख्या मुलाने घातला: पंधरा चेंडूंत नाबाद ३६. अप्पाकाकांनी त्याचेही नाव वहीत टिपून ठेवले.

आणि मग, एका आठवड्याच्या आत, अहमदाबादेस विजय हजारे स्पर्धेत मुंबईने पन्नास षटकांत ४ बाद ३८२ धावा केल्या. श्रेयस अय्यर पंचावन्न चेंडूंत नाबाद ११४! एवढी धावसंख्या झाल्यावर कोणीही शहाणा मनुष्य जेवून निजतो. आम्हीही वामकुक्षी केली. उठून पाहतो तो कर्नाटकाने केवळ तीन गडी गमावून आणि चार षटकांच्या जवळपास शिल्लक ठेवून सामना जिंकला होता. त्यांच्या कृष्णन श्रीजिताच्या एकट्याच्या नाबाद १५० धावा होत्या. त्या स्पर्धेत मुंबई बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. ज्या घरी सोमवारी पुरणपोळी आणि मंगळवारी शिळी भाकरीही नाही, त्या घरच्या पाहुण्याची जी अवस्था होते तीच या संघाच्या भक्तांची झाली होती.

परंतु खरी कथा जानेवारीतली. वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर २३ जानेवारी २०२५ पासून जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी सामना होता, आणि मुंबईची नामावळी वाचताना आमच्या चष्म्याच्या काचाच दिपल्या. रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे: अर्धा भारतीय संघच जणू! रोहित तर जवळजवळ दहा वर्षांनी रणजी सामना खेळावयास उतरला होता. मुलांनी शाळेस दांडी मारण्याचा बेत केला, तो त्यांच्या आयांनी हाणून पाडला. प्रौढांनी कचेरीस दांडी मारण्याचा बेत केला, तो मात्र कोणी हाणून पाडला नाही.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगवत नाही. उमर नझीर मीर नावाच्या उंचपुऱ्या गोलंदाजाने रोहितास तीन धावांवर परत पाठविले. जयस्वाल चार. रहाणे बारा. दुबे शून्य. ४७ धावांत सात गडी बाद. मराठीत एक जुनी म्हण आहे: हत्ती गेला आणि शेपूट राहिले. मोठे काम उरकते आणि क्षुल्लकासाठी अडून बसावे लागते, असा तिचा अर्थ. त्या सकाळी वांद्र्यास हत्ती गेले. एकामागून एक सगळे गेले. पण क्षुल्लक म्हणून जे मागे राहिले होते ते शेपूटच मुळी खेळावयास आले. पालघरच्या शार्दूल ठाकुराने ५१ आणि कोटियनाने २६ धावा केल्या, म्हणून संघाची बेरीज १२० तरी झाली. दुसऱ्या डावात तोच प्रयोग पुन्हा, जणू नाटक कंपनीने लोकाग्रहास्तव लावला असावा. १०१ धावांत सात गडी बाद. आणि मग ठाकूर ११९, कोटियन ६२, दोघांची भागीदारी १८४ धावांची. एवढे करूनही सामना हातचा गेला. जम्मू-काश्मीरने २०५ धावांचे लक्ष्य पाच गडी गमावून गाठले. डिसेंबर २०१४ मध्ये याच संघाने वानखेडेवर मुंबईस हरविले होते, तेव्हा त्यास अपघात म्हणून सोडून देता आले. दोनदा घडते त्यास अपघात म्हणत नाहीत.

यानंतरचा विनोद तर दैवानेच रचला. बाद फेरी गाठण्यासाठी मुंबईस मेघालयाविरुद्ध निर्भेळ विजय हवा होता. डावाने जिंकल्यास सहाऐवजी सात गुण मिळतात. तो विजय मिळाला, आणि कसा? मेघालयाचे पहिले सहा गडी अवघ्या दोन धावांत बाद झाले. ठाकुराने त्यात लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. मुंबईने ७ बाद ६७१ धावा केल्या आणि एक डाव व ४५६ धावांनी सामना जिंकला. परंतु एवढ्यानेही भागत नव्हते. त्याच वेळी बडोद्यास बडोदे व जम्मू-काश्मीर यांचा सामना चालला होता, आणि आमचे नशीब तेथे टांगले होते. ज्या बडोद्याने आम्हांस ऑक्टोबरात हरविले त्यास, ज्या जम्मू-काश्मीरने आम्हांस जानेवारीत हरविले त्यानेच हरविले. आणि त्या उपकारावर मुंबई गटात दुसऱ्या क्रमांकाने पुढे सरकली. जम्मू-काश्मीरचे गुण ३५, आमचे २९. अप्पाकाकांनी देवापुढे साखर ठेवली. कोणाच्या नावाने ठेवली असे विचारता म्हणाले, "श्रीनगरच्या."

उपान्त्यपूर्व सामना हरियाणाशी होता. तो लाहलीस व्हावयाचा, पण धुक्यामुळे कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर हलविण्यात आला. स्थळ बदलले तरी आमच्या मंडळींचा रिवाज बदलला नाही. पुन्हा ११३ धावांत सात बाद! पुन्हा शेपूट: शम्स मुलाणी ९१, कोटियन ९७. ठाकुराने गोलंदाजीत सहा गडी टिपले, दुसऱ्या डावात कर्णधार रहाणेने १०८ धावांची घरंदाज खेळी केली, आणि मुंबईने १५२ धावांनी सामना जिंकला. तोपर्यंत आमच्या घरातील लहान मुलांनी एक नवा नियम शोधून काढला होता. मुंबईचे सात गडी बाद झाले की ती टाळ्या वाजवीत, म्हणत, "आता खेळ सुरू होणार!"

या हसण्यामागे एक गंभीर गोष्ट आहे, आणि ती आमच्या गावच्या धंद्याच्या भाषेत सांगितल्यास लवकर उमगेल. कापड विणताना नक्षी मध्यभागी असते, दुकानदार गिऱ्हाइकास तीच उलगडून दाखवितो. परंतु त्या कापडाचे सूत सुटू नये म्हणून जो पक्का विणलेला काठ असतो त्याकडे कोणी पाहत नाही. काठ सैल झाला की नक्षीसकट सगळे उसवते. २०२४-२५ मध्ये मुंबईची नक्षी कित्येकदा विरली. संघ फाटला नाही तो काठामुळे.

आणि हा एकाच वर्षाचा योगायोग नव्हे. ज्या मोसमात बेचाळिसावा करंडक मिळाला, त्याही मोसमात फेब्रुवारी २०२४ च्या उपान्त्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या क्रमांकाच्या कोटियनाने नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकाच्या तुषार देशपांड्याने १२३ धावा केल्या होत्या. शेवटच्या दोघांनी एकाच डावात शतके करावी असे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यापूर्वी एकदाच घडले होते: १९४६ साली ओव्हलवर, सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी ती वार्ता त्या काळी वाचली असेल त्यांच्या घरी ती अद्याप सांगितली जात असेल. त्या नंतरच्या सामन्यात, तामिळनाडूविरुद्ध, नवव्या क्रमांकावर येऊन ठाकुराने १०९ धावा केल्या, आणि अंतिम सामन्याच्या पहिल्या डावातही त्याच्याच ७५ धावा कामी आल्या. वतन राखले ते अशा माणसांनी.

आता नकाशा उघडून पाहावा. ठाकूर पालघरचा, पिशवी खांद्यावर टाकून सुमारे नव्वद किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून तो मुंबईच्या मैदानांवर येई. म्हात्रे विरारचा. देशपांडे कल्याणचा. त्या मोसमाचा कर्णधार रहाणे डोंबिवलीत वाढला. भिवंडी मध्ये ठेवून सभोवार बोट फिरवावे, सगळी गावे आमच्या अंगणात आहेत. पूर्वी मुंबईचा संघ म्हणजे दादरच्या चार गल्ल्या असे थट्टेने म्हणत, आणि त्यात पुष्कळ तथ्यही होते. दादरच्या मुलास मैदान पायऱ्या उतरताच मिळे. आमच्याकडील मुलास ते पहाटेची गाडी धरूनच मिळते. पहाटेची गाडी रोज धरणारा मनुष्य सहजासहजी बाद होत नाही, याचे नवल वाटावयास नको. मुंबईच्या क्रिकेटात ज्या गुणास 'खडूस' असे प्रेमाचे नाव आहे, तो आता या गाडीने येतो.

उपान्त्य सामना नागपुरास विदर्भाशी होता, आणि येथे आमच्या घरात यादवी माजली. कारण आमच्या सूनबाई माहेरच्या नागपूरकर. एरवी त्या मितभाषी. पण १७ फेब्रुवारीस सामना सुरू झाला आणि त्या दर तासाने दिवाणखान्याच्या दारात येऊन अत्यंत विनयाने विचारू लागल्या, "मामंजी, चहा करू का?" प्रत्येक चहाबरोबर मुंबईचा एक गडी बाद होई. पार्थ रेखडे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे या तिघांस तंबूत धाडले, तेव्हा तर चहाबरोबर संत्राबर्फीही आली. आकाश आनंदाने १०६ धावा करून लाज राखली. विदर्भाच्या यश राठोडाने दुसऱ्या डावात १५१ धावा केल्या, आणि मुंबईपुढे ४०६ चे लक्ष्य उभे राहिले. आणि नंतर? वाचकांनी ओळखलेच असेल. वरची फळी कोसळली. ठाकूर ६६, मुलाणी ४६. अखेरचे दोघेही बराच काळ चिवटपणे लढले. सर्व बाद ३२५. ऐंशी धावांनी पराभव.

सूनबाईंनी विजयाचा गर्व दाखविला नाही. त्यांनी फक्त एवढेच म्हटले, की विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ साली करंडक जिंकला तेव्हा त्यांचे गुरू चंद्रकांत पंडित होते आणि फलंदाजीत वसीम जाफर, दोघेही मुंबईचेच; तेव्हा विद्या आपण दिली आणि आता ती परत घरी आली, असे मानावे. यावर अप्पाकाका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी उरलेली संत्राबर्फी मागितली. त्या मोसमात विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ गडी बाद करून एका रणजी मोसमातील बळींचा नवा विक्रम केला. २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने आपला तिसरा करंडक उचलला. हर्षाचे नावही वहीत गेले. आपल्या संघास हरविणाऱ्याचे नाव त्या वहीत प्रथमच लिहिले गेले असावे.

नागपुरात सामना चालू असतानाच, १९ फेब्रुवारीस, मुंबईचे माजी कर्णधार मिलिंद रेगे निवर्तले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊनही हे गृहस्थ पुन्हा मैदानावर उतरले आणि त्यांनी मुंबईचे नेतृत्व केले. आणि विदर्भाने करंडक उचलल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मार्चला, पद्माकर शिवलकर गेले; वय चौऱ्याऐंशी. ज्यांनी १९७२-७३ चा अंतिम सामना आठवणीत जपला आहे त्यांस सांगावयास नको. मद्रासेस तामिळनाडूविरुद्ध शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच गडी बाद केले आणि पाच दिवसांचा सामना दोन दिवसांतच आटोपल्यात जमा झाला. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांचे बळी ५८९. भारताकडून कसोटी सामने त्यांस किती मिळाले? एकही नाही. बिशनसिंग बेदी त्याच काळात त्याच पद्धतीची गोलंदाजी करीत होते, एवढाच त्यांचा अपराध.

शिवलकरांचे नाव काढण्यास एक घरगुती कारण आहे. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू पंधरा वर्षांचा आहे. मध्यम गतीची गोलंदाजी करतो आणि फलंदाजीस आठव्या क्रमांकावर जातो. आठवड्यातून सहा दिवस पहाटे कल्याणास सरावास जाण्याचा त्याचा परिपाठ, आणि यंदा दहावीचे वर्ष. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे की, सलामीचा फलंदाज असता तर गोष्ट निराळी. आठव्या क्रमांकाच्या मुलास पुढे कोण विचारतो? घरात सर्वांची बैठक बसली. आम्ही उत्साहाच्या भरात ठाकूर, कोटियन, मुलाणी यांचे दाखले दिले. त्यावर मुलाच्या वडिलांनी शांतपणे एकच दाखला दिला: शिवलकरांचा. ५८९ बळी, आणि कसोटी सामना शून्य. आमच्यापाशी उत्तर नव्हते. कारण तो दाखला खरा होता. प्रेक्षकास निष्ठा फुकट पडते. तिची किंमत खेळणारा देतो, आणि कधी कधी पावतीही मिळत नाही.

तेव्हा अप्पाकाकांनी एक गोष्ट सांगितली. बोरिवलीच्या एका शाळेत दिनेश लाड नावाचे प्रशिक्षक होते. पालघरच्या एका मुलाचा खेळ पाहून त्यांनी त्यास आपल्या शाळेत आणले, आणि रोजचा प्रवास झेपणार नाही म्हणून चक्क स्वतःच्या घरी ठेवून घेतले. तो शार्दूल. लाडांचा स्वतःचा मुलगा सिद्धेशही पुढे मुंबईकडून खेळू लागला, पण पानात वाढताना त्या घरी दोघांत भेद झाला नसावा. त्याआधी त्याच शाळेत त्यांनी आणखी एक मुलगा आणला होता. तो ऑफस्पिन गोलंदाज म्हणून आला होता आणि फलंदाजीस आठव्या क्रमांकावर जात असे. लाडांनी एकदा त्याची बॅट चालताना पाहिली आणि त्यास सलामीस पाठविले. त्या मुलाचे नाव रोहित शर्मा.

बैठकीत क्षणभर शांतता पसरली. ज्या हत्तीस जानेवारीत आम्ही नावे ठेवली तोही एके काळी शेपटाकडलाच होता तर! पण मुलाचे वडील व्यवहारी. ते म्हणाले, "लाखात एक." हेही खरेच होते.

निकाल लावला तो मुलाच्या आईने. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. म्हणाली, "पहाटे साडेचारला उठून डबा मी करते. तो भारताकडून खेळेल म्हणून करीत नाही. सात वाजता परत येतो तेव्हा न सांगता अभ्यासास बसतो, म्हणून करते. परीक्षेपर्यंत तीन दिवस जाऊ दे. तीन दिवस मीही निजेन." यावर कोणास काही बोलावयास जागाच राहिली नाही. तीन दिवसांचा ठराव सर्वानुमते संमत झाला. मुलगा पुढे काय होईल हे आम्हांस ठाऊक नाही, आणि ते आज ठरवावयाचेही नाही.

एकत्र कुटुंब चालविण्याची विद्या ज्यांस आहे त्यांस या मोसमाचे मर्म निराळे सांगावे लागू नये. घराच्या दारावर पाटी कर्त्या पुरुषाची असते. लग्नपत्रिकेत नावे थोरांची छापतात. परंतु पाहुणे एकदम वाढले, कर्ता आजारी पडला, किंवा पावसाळ्यात कौले गळू लागली, म्हणजे घर सावरते ते पत्रिकेत ज्यांचे नाव तळाशी बारीक टाइपात असते त्यांच्यामुळे. वरच्या फळीने धावा करू नयेत असे आमचे म्हणणे नाही. तिने त्या अवश्य कराव्या, आणि पुष्कळ कराव्या, म्हणजे अप्पाकाकांच्या रक्तदाबास बरे पडेल. आमचे म्हणणे एवढेच की वृत्तान्त वाचताना शेवटचा परिच्छेदही वाचावा.

आणि वतन? ते गेले याचे दुःख मानण्याचे कारण दिसत नाही. बडोदे, श्रीनगर आणि नागपूर जिंकू लागली याचा अर्थ मुंबई लहान झाली असा नसून अंगण मोठे झाले असा आहे. पंधरा वर्षे एकच घर जिंकत असे तेव्हा आम्ही निकाल वाचीत होतो. आता सामना पाहतो. पुन्हा हिवाळा येईल, मुंबईचे सात गडी पुन्हा केव्हातरी सव्वाशेच्या आत बाद होतील, आणि त्या वेळी निजावयास न जाता जो जागा राहील त्यासच खेळ पाहावयास मिळेल. अप्पाकाकांच्या वहीची निम्मी पाने अद्याप कोरी आहेत.